स्वयंपाकघरातील तारेचा जोड



या पाठाची सुरुवात कबुलीने करतो. चिंचवडच्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षे विजेच्या देखभालीचे काम केले. एखाद्या शिकाऊ मुलाने केला असता तर ज्या जोडावरून मी त्याला फैलावर घेतले असते, तसाच जोड मी आमच्या घरात, वहिनीच्या ओट्याच्या वर, स्वतःच्या हाताने करून ठेवला होता.

वाकड गावठाणातले आमचे घर जुने. आजूबाजूला वीस-वीस मजले उभे राहिले, आम्ही अजून बैठ्या घरात आहोत. घर बांधले तेव्हा स्वयंपाकघरात एक दिवा आणि मिक्सरपुरता एक पॉइंट, एवढेच होते. पुढे फ्रीज आला, पाण्याचा फिल्टर आला, मग इंडक्शन शेगडी आली. एका रविवारी संध्याकाळी मी मिक्सरच्या पॉइंटमधूनच तार पुढे नेली. पीळ दिला, काळी टेप गुंडाळली, वर पट्टी बसवली. ते काम सात वर्षे चालले.

गेल्या पावसाळ्यात वहिनी म्हणाली, "भावजी, घरात आज बोंबील नाहीत, मग हा मासळीचा वास कुठून येतोय?" दोन दिवस आम्ही मोरीची जाळी धूत बसलो. विजेच्या सामानातले काही प्लास्टिक तापले की अगदी मासळीसारखा वास सुटतो. हे मला ठाऊक होते, पण स्वतःच्या घरात आठवले नाही. तिसऱ्या दिवशी पट्टी काढली. टेप वितळून भिंतीवर ओघळली होती, तारेचे आवरण बोटभर जळाले होते. तिथून हातभर अंतरावर गॅसची नळी.

एमसीबी मात्र पडली नव्हती. "एमसीबी आहे ना, मग काळजी कसली?" असे पुष्कळ जण म्हणतात, म्हणून हे नीट सांगतो. २००० वॅटची शेगडी २३० व्होल्टवर साधारण पावणेनऊ ॲम्पिअर घेते. जोड सैल होऊन तिथे केवळ अर्ध्या ओहमचा विरोध आला, तर त्या बोटाच्या पेराएवढ्या जागेत सुमारे ३६ वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीवाल्याचे सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचे असते! सोळा ॲम्पिअरच्या एमसीबीला दिसतात ते मात्र पावणेनऊ ॲम्पिअरच. ती पडणार कशाला? तारेतून जास्त वीज गेली किंवा शॉर्ट झाले तर ती पडते. तापलेला जोड तिला कळत नाही.

माझी चूक दुहेरी होती. जुनी तार ॲल्युमिनियमची, मी जोडलेली तांब्याची. तापल्यावर दोन्ही धातू वेगवेगळे फुगतात, दमट हवेत त्यांच्या सांध्यावर गंज धरतो आणि पीळ हळूहळू ढिला पडतो. ओट्यावर तर रोजची वाफ.

मी ओळखीच्या परवानाधारक ठेकेदाराला बोलावले. त्याच्याबरोबर एक तरुण आला होता. आंबेगाव तालुक्यातल्या डोंगरातल्या वाडीवरचा, आयटीआयमधून तारतंत्री झालेला. मी त्याला माझ्या परीने सुचवले की जळालेला तुकडा कापून नवा जोड करू. तो अदबीने, पण ठामपणे म्हणाला, "काका, जोड नकोच. डीबीपासून सलग तार ओढू."

माझी एकतीस वर्षे त्या एका वाक्यापुढे गप्प बसली. वायरिंग वाढवायचे तर पहिला विचार हाच करावा. ओट्यावरच्या जड उपकरणांसाठी अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, सोळा ॲम्पिअरचे सॉकेट आणि त्याची वेगळी एमसीबी. एमसीबी तारेला सोसेल अशी निवडायची, उपकरणाला हवी तशी नव्हे. वारंवार पडते म्हणून मोठी बसवणे म्हणजे आजाऱ्याचा ताप मोजायचा नाही म्हणून थर्मामीटर फोडणे. अर्थिंगची हिरवी तार सॉकेटपर्यंत गेलीच पाहिजे. आमच्या जुन्या पॉइंटला ती नव्हतीच. सॉकेट सिंकपासून दूर, आणि शेगडीच्या वर तर कधीच नको.

जोड टाळता येतच नसेल तर तो पाइपात किंवा गिलाव्याखाली गाडू नये. उघडता येईल अशा बॉक्समध्ये, स्क्रूच्या किंवा खटक्याच्या कनेक्टरने, तांब्याला तांबे आणि सारख्याच जाडीची तार. सोलताना एकही तंतू तुटू देऊ नये, बाहेर उघडे तांबे दिसू नये, आणि बसवल्यावर प्रत्येक तार ओढून पाहावी. टेप जोडाला धरून ठेवत नाही, फक्त झाकते.

कामाआधी त्या मुलाने मेन बंद केला आणि लगेच विचारले, "इन्व्हर्टर कुठे आहे?" मेन बंद असतानाही इन्व्हर्टरच्या लाइनमध्ये वीज असते, हे घरातले लोक हमखास विसरतात. मग त्याने टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून पाहिला, नंतर बंद तारेवर, पुन्हा चालू पॉइंटवर. टेस्टरच बिघडलेला असेल तर मेलेली वाटणारी तार जिवंत निघते.

दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलणे घरच्याने केले तर कायद्याची हरकत नाही. वायरिंग वाढवणे मात्र केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार परवानाधारक ठेकेदाराचे काम आहे. पूर्वी मला हा नियम कागदी वाटायचा.

१४ जून २०१७ रोजी लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला लागलेली आग एका स्वयंपाकघरातल्या फ्रीजपासून सुरू झाली. ७२ माणसे गेली. ती एवढी पसरली इमारतीच्या बाहेरच्या ज्वलनशील आवरणामुळे, हे खरे. पण सुरुवात कशी झाली हे तपासताना एका तज्ज्ञाने फ्रीजमधल्या नीट न दाबलेल्या एका जोडाकडे बोट दाखवले होते. ते वाचले तेव्हा मला ओट्यावरची ती पट्टी आठवली.

शेवटी त्या मुलाने ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी बसवली. ओल्या हाताने कुणाला धक्का बसून वीज अंगातून जमिनीत जाऊ लागली, तर ती क्षणात पुरवठा तोडते. सैल जोडाची उष्णता तिलाही कळत नाही, हेही त्याने सांगितले. तिच्यावर चाचणीचे एक छोटे बटण असते. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, भक्तीला निघण्याआधी, मी ते दाबतो. घर अंधारते, फ्रीज थांबतो आणि आतून वहिनीचा आवाज येतो, "भावजी, आधी सांगत जा!"