पंपाची पाटी आणि नदीचा काठ

नदीच्या वाळूतून सोने वेगळे करणारा माणूस खरे पाहता पाण्याकडूनच काम करून घेतो. सोने पाण्याच्या 19 पट जड असते. साधी वाळू अडीच-पावणेतीन पट. वाहते पाणी वाळू पुढे नेते, सोने मागे राहते. झारखंडात सुवर्णरेखेच्या काठी लाकडी पाटात वाळू घोळवणाऱ्यांना यासाठी पंप लागत नाही. परंतु सोन्याची वाळू जेव्हा काठावर उंच असते, तेव्हा पाणीच तिच्यापर्यंत न्यावे लागते.

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात फेअरप्ले हे गाव आहे. 1859 साली सोन्याच्या शोधात आलेल्यांनी ते वसवले. समजा, तेथील एखाद्या हौशी शोधकाने काठावर उतरती पन्हळ मांडली आहे. पन्हळीच्या तळाशी आडव्या पट्ट्या असून त्यांच्यामागे सोन्याचे कण अडकतात. पन्हळीला मिनिटाला 300 लिटर पाणी हवे. ती नदीपासून 6 मीटर उंच आहे आणि नळी 30 मीटर लांब.

तो दुकानात जातो. पंपाच्या पाटीवर लिहिलेले असते : ‘मिनिटाला 600 लिटर, उंची 30 मीटर’. येथेच पुष्कळांची फसगत होते. हे दोन्ही आकडे खरे असतात, पण एकाच वेळी खरे नसतात! 600 लिटर पाणी मिळते ते जवळजवळ उंची नसताना. आणि 30 मीटर उंची गाठली, की पाणी येणेच थांबते. म्हणून पाटीपेक्षा उत्पादकाने दिलेला आलेख पाहावा. 300 लिटर देताना असा पंप साधारण 22 मीटरपर्यंत जोर लावू शकतो.

मग 6 मीटर म्हणजे काहीच नव्हे, असे तुम्हांला वाटेल. पण नळीतील घर्षणाचे काय? 50 मिलिमीटर व्यासाच्या नळीत ते सुमारे 4 मीटर उंचीइतके होते. एकूण 10 मीटर. काम निभावते. पैसे वाचवण्यासाठी 38 मिलिमीटरची नळी घेतली, तर घर्षण जवळजवळ चौपट होते. सोळा आणि सहा मिळून बावीस, म्हणजे पंपाची सारी ताकद तेवढ्यातच संपली. आपल्याकडे शेतावर केवळ अश्वशक्ती विचारून पंप घेणाऱ्यांनीही हे गणित एकदा मांडून पाहावे.

फेअरप्लेची आणखी एक अडचण आहे. ते गाव समुद्रसपाटीपासून सुमारे 3,000 मीटर उंचावर आहे. पंप पाणी ‘ओढतो’ असे आपण म्हणतो. वास्तविक हवेचा दाब ते वर ढकलतो. समुद्रकाठी ही मर्यादा तत्त्वतः 10 मीटरच्या किंचित वर असते, व्यवहारात 7 मीटरच्या आसपास. फेअरप्लेत तत्त्वतःच ती सुमारे 7 मीटर उरते. विरळ हवेमुळे पेट्रोल इंजिनाची शक्तीही जवळपास तीस टक्क्यांनी घटते. तेव्हा आलेखावरील 22 मीटरही तेथे पुरते मिळणार नाहीत. पंप पाण्याच्या अगदी जवळ ठेवावा, ओढण्याचे अंतर कमी व ढकलण्याचे अधिक असावे, हाच त्यावर उपाय. सुरू करण्यापूर्वी पंपात पाणी भरावे आणि नळीच्या तोंडाशी जाळी बसवावी, हे सांगणे नलगे.

विचार करा : मग सर्वांत मोठाच पंप का घेऊ नये? पाणी कमी पडले तर पट्ट्यांमागे वाळू गच्च बसते. जास्त झाले तर बारीक सोने वाळूबरोबर वाहून जाते. म्हणून थोडा मोठा पंप घेऊन नळीवर झडप बसवणे शहाणपणाचे. पंप घेण्याआधी तेथे तो लावण्याची परवानगी आहे का, हे मात्र विचारून घ्यावे. कॅलिफोर्नियाने 2009 साली नदीतळातील वाळू यंत्राने ओढून घेण्यास मनाई केली, तेव्हा अनेकांची यंत्रे घरीच पडून राहिली.