मिठाच्या कणातील इलेक्ट्रॉन

सोडियम हा धातू पाण्याशी संबंध येताच भडकतो. म्हणून तो रॉकेलात बुडवून ठेवावा लागतो. क्लोरीन हा विषारी वायू १९१५ मध्ये बेल्जियममधील ईप्र येथे युद्धात शस्त्र म्हणून वापरला गेला. या दोहोंच्या संयोगाने होणारे मीठ मात्र आपण रोज खातो. याचे कारण अणूतील इलेक्ट्रॉनांच्या मांडणीत आहे.

अणुकेंद्राभोवती इलेक्ट्रॉन कवचांत विभागलेले असतात. पहिल्या कवचात २, दुसऱ्यात ८ मावतात. सोडियमचे ११ इलेक्ट्रॉन २, ८, १ असे, तर क्लोरीनचे १७ इलेक्ट्रॉन २, ८, ७ असे असतात. बाह्यतम कवचात ८ इलेक्ट्रॉन असले की या अणूंना स्थैर्य लाभते. म्हणून सोडियम आपला एकुलता इलेक्ट्रॉन देतो, क्लोरीन तो स्वीकारतो. दोघेही विद्युत्‌भारित होतात आणि परस्परविरुद्ध भारांमुळे एकमेकांस धरून राहतात.

'कवच' हा शब्द मात्र जपून घ्यावा. बोर यांनी १९१३ मध्ये कल्पिलेल्या वर्तुळाकार कक्षा पाठ्यपुस्तकांत शोभून दिसतात. परंतु इलेक्ट्रॉनला अशी ठरीव वाट नसते, हे १९२६ च्या सुमारास स्पष्ट झाले. आकड्यांचा हिशेब तेवढा टिकला.

मिठागरात पाणी आटते तेव्हा समुद्रात सुटे वावरणारे हेच भारित कण ओळीने बसतात आणि त्यांचे स्फटिक होतात.