साखळी, आणे आणि अडीचकी : गणकयंत्रापूर्वीची शेतमोजणी

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात सातबारा उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असले, तरी बांधावरची बोलणी एकर-गुंठ्यांतच होतात. या गुंठ्यामागे गणिताची मोठी सोय दडलेली आहे.

इ. स. १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी सुरू केलेली मोजणी व आकारणीची पद्धती पुढे निजामाच्या मुलखातील मराठवाड्यातही स्वीकारली गेली. तिची साखळी ३३ फुटांची व १६ आण्यांची होती. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जमीन म्हणजे एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. त्यामुळे लांबी-रुंदीचा साखळ्यांतील गुणाकार हाच गुंठ्यांचा आकडा ठरे. आण्यांच्या अपूर्णांकांसाठी शाळेत पाठ केलेल्या पावकी, निमकी, सवायकी, अडीचकी उपयोगी पडत. चोवीस साखळ्या लांब आणि दोन साखळ्या आठ आणे रुंद अशा पट्टीचे क्षेत्र चोवीस अडीच साठ, म्हणजे दीड एकर, हे कागदावाचून सांगता येई.

परंतु शेत क्वचितच काटकोनी असते. म्हणून मोजणीदार शेताच्या आरपार एक रेषा धरी, शंकूच्या साहाय्याने प्रत्येक कोपऱ्यापासून तिच्यावर लंब काढी आणि शेताचे त्रिकोण व समलंब चौकोन पाडून त्यांची क्षेत्रे मिळवी. लंबाचा हा आग्रह जुना आहे. कन्नडचा घाट उतरल्यावर चाळीसगावजवळ पाटण येथे एक शिलालेख आहे. देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी चांगदेव याने आपले आजोबा भास्कराचार्य यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याची नोंद त्यात आहे. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’त, लंब अथवा कर्ण न सांगता चौकोनाचे क्षेत्र विचारणाऱ्यास चक्क पिशाच म्हटले आहे!

हा रोष अनाठायी नव्हे. चारही बाजू २५ साखळ्यांच्या असलेले शेत चौरस असेल, तर ६२५ गुंठे भरते. तेच तिरके असून त्याचे कर्ण ३० व ४० साखळ्यांचे असतील, तर ६०० गुंठे. आणि कर्ण १४ व ४८ असतील, तर केवळ ३३६ गुंठे. बाजू मात्र तिन्हींत सारख्याच.

वाटणीच्या वेळी समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणाकार करण्याचा प्रघात खेड्यापाड्यांत आढळतो. वरील दुसऱ्या उदाहरणात त्यामुळे २५ गुंठे अस्तित्वात नसलेली जमीन कागदावर येते आणि एखादा भाऊ तीच कसण्यास मागतो. आजची मोजणीयंत्रे कोपऱ्यांचे स्थानच टिपत असल्याने ही चूक त्यांच्याकडून होत नाही. फिताच हाती असल्यास चार बाजूंबरोबर एक कर्ण मोजावा, त्यावर समोरच्या दोन्ही कोपऱ्यांतून लंब घ्यावेत आणि लंबांच्या बेरजेच्या निम्म्याने कर्णास गुणावे.