विषाणूचें शुद्धीकरण आणि त्याची मूळ ठेवण

रोगट पानांतील विषाणु शुद्ध करून काढला, असें वाचलें म्हणजे तो पानांत होता तसाच हातीं आला, अशी आपली समजूत होते. ही समजूत तपासून घेणें शेतकऱ्यांच्याही हिताचें आहे, म्हणून आम्ही हा विषय येथें थोडक्यांत मांडतों.

तंबाखूच्या मोझॅक रोगाचें उदाहरण घेऊं. सन १९३५ मध्यें अमेरिकेंत स्टॅन्ली यांनीं रोगट पानांच्या रसांतून या विषाणूचे सुईसारखे स्फटिक वेगळे केले. आपण खत म्हणून घालतों तें अमोनियम सल्फेट रसांत मिसळलें म्हणजे विषाणु तळीं बसतो. तो पुन्हां पाण्यांत घेऊन हाच क्रम अनेक वेळां करावयाचा, ही त्या शुद्धीकरणाची मुख्य रीत. स्टॅन्ली यांनीं हा पदार्थ केवळ प्रथिन मानिला. परंतु १९३६ मध्यें इंग्लंडांतील बॉडेन व पिरी यांनीं त्यांत फॉस्फरस व शर्करेचा अंश, म्हणजे न्यूक्लिक आम्ल, असल्याचें दाखविलें. त्याचें प्रमाण शेंकडा ५ च्या सुमारास असलें, तरी रोगाचें बीज तेंच, हें १९५६ मध्यें सिद्ध झालें.

आतां ठेवणीकडे वळूं. हा कण सरळ काठीसारखा असून त्याची लांबी सुमारें ३०० व जाडी १८ नॅनोमीटर असते. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. वारंवार तळीं बसविल्यानें या काठ्या टोकास टोक लागून जुळतात. मग वजन तेवढेंच राहून रोग लावणारे सुटे कण कमी भरतात. उलट, तीव्र अल्कलींत काठी उकलून प्रथिन व न्यूक्लिक आम्ल विलग होतात.

सर्वच विषाणु इतके कणखर नसतात. खानदेशांत केळीवर हरण्या रोग पाडणारा काकडीचा मोझॅक विषाणु गोल असून मिठासारख्या क्षारांच्या तीव्र द्रावणांत त्याचा कण फुटतो. शुद्ध विषाणु सशास टोचून त्याच्या रक्तापासून रोपें तपासण्याचें सीरम तयार करितात. फुटके कण टोचले, तर सीरम फुटक्यांसच ओळखूं लागण्याचा संभव असतो, आणि रोगट रोप निर्दोष ठरून शेतांत जातें.

सबब शुद्धतेची पारख स्फटिकांच्या चकाकीवरून करूं नये. कण मूळ आकाराचा आहे काय, व निरोगी झाडास लावल्यास रोग उठतो काय, हे दोन प्रश्न अवश्य विचारावे. तुरीची डाळ कितीही स्वच्छ निवडली, तरी ती पेरून उगवत नाहीं.