विचार त्याला, सरळ

फरिदाबाद, रविवार

चि. ओंकार,

काल फोनवर तू तुझ्या मित्राविषयी म्हणालास, "मामा, मेन्सच्या निकालापासून तो बोलतच नाही. मेसला येत नाही. परवा सगळ्या नोट्स कुणाला तरी देऊन टाकल्या." मग घाईघाईने, "पण त्याला तसलं काही विचारलं तर उगाच डोक्यात भरायचं." तेवढ्यात तुझी मेट्रो बोगद्यात शिरली. म्हणून लिहितो आहे.

नाही भरत. ज्याच्या मनात तसं काही नाही तो तुला वेड्यात काढेल, एवढंच. ज्याच्या मनात आहे, त्याला कुणीतरी विचारलं यानेच थोडं हलकं वाटतं. विचारल्याने धोका वाढत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. मी मात्र ते वाचून शिकलो नाही.

१९९५ साली मी करोल बागेत राहत होतो. तेव्हा यूपीएससीचे चारच अटेम्प्ट मिळायचे आणि माझे तीन झाले होते. रात्री अकरानंतर एसटीडीचा दर पाव व्हायचा, म्हणून बूथवर तेव्हाच रांग लागे. त्या रांगेत तासभर उभं राहून मी तुझ्या आजीला दोन शब्द सांगायचो, "बरं चाललंय." आणि खोलीवर येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचो. एका रात्री आमच्यातला साताऱ्याचा सीनियर चहाचे दोन ग्लास घेऊन आला नि म्हणाला, "जीव द्यावासा वाटतो का रे?" मी ढसाढसा रडलो. त्याने उपदेश केला नाही, उठूनही गेला नाही. सकाळी डॉक्टरांकडे सोबत आला. चौथा अटेम्प्टही वाया गेला, पण तो द्यायला मी होतो.

तेव्हा आज रात्रीच विचार. "कसा आहेस?" नको, त्याचं उत्तर ठरलेलं असतं. "जगू नये असं वाटतं का? जीव द्यायचा विचार येतो का?" असंच विचार आणि गप्प बैस. "आईवडिलांचा तरी विचार कर" हे तर मुळीच म्हणू नकोस. सोयाबीन विकून त्यांनी धाडलेलं भाडं त्याला आधीच टोचत असेल.

"हो" म्हणाला तर त्याला एकटं सोडू नकोस. कुणाला सांगणार नाही, असं वचनही देऊ नकोस. १४४१६ लाव. ती टेलिमानस हेल्पलाइन, पैसे पडत नाहीत, रात्रंदिवस चालू असते आणि मराठीतही बोलता येतं. राममनोहर लोहिया रुग्णालय तुमच्यापासून फार लांब नाही, तिथे मानसोपचार विभाग आहे. फारच वाटलं तर रात्रीच इमर्जन्सीत घेऊन जा. मला उठव, कितीही वाजोत.

तुमच्याकडे एक भीती हमखास असते: पोलीस केस होईल, पुढे नोकरीत आडवं येईल. नुसतं मनातलं बोलणं हा गुन्हा नाही. आणि २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे, प्रयत्न केलेला माणूसही तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं असतं. त्याला शिक्षा नव्हे, उपचार आणि आधार द्यायची जबाबदारी सरकारची.

२०२४च्या जुलैत तुमच्या ओल्ड राजेंद्र नगरमध्ये तळघरातल्या लायब्ररीत पाणी शिरून तिघं गेले. त्या वेळी पोरं रस्त्यावर बसली, दिवसरात्र घोषणा. बरोबरच होतं ते. त्याच महिन्यात त्याच भागात आपल्या विदर्भातली एक मुलगी आत्महत्येने गेली. तिच्याविषयी माझ्या ओळखीचे लोक बोलले ते कुजबुजत, जणू घरातलं लपवायचं काही. पाण्याबद्दल जाब विचारता येतो. या दुसऱ्या गोष्टीबद्दल एकमेकांनाही विचारत नाही आपण.

पुढच्या रविवारी दोघंही या. व्हायलेट लाइनने बाटा चौक, तिथून मी घ्यायला येतो. मामी थालीपीठं लावणार आहे. त्याला पुस्तक आणू देऊ नकोस.

आणि त्याचं सांगताना तुझा आवाजही मला नेहमीचा वाटला नाही. "बरं चाललंय" म्हणालास तर मी पुन्हा विचारीन.

तुझा,
मामा