उद्योगांचे आगमन आणि स्थानिक राजकारण : लकडगंजचा धडा

पूर्व नागपुरातील लकडगंज या वस्तीच्या नावातच तिचा व्यवसाय सामावलेला आहे. चंद्रपूर व गडचिरोलीच्या वनांतील सागवान येथे यावे, आरागिरण्यांत त्याच्या फळ्या व चौकटी व्हाव्यात आणि त्यावर सुतार, हमाल व ठेलेवाले यांचे संसार चालावेत, असा येथील परिपाठ. अशा ठिकाणी नवा उद्योग येतो की नाही, जुना टिकतो की नाही, यावर अनेक कुटुंबांची चूल अवलंबून असते.

उद्योजक केवळ सवलतींच्या मागे धावतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो पूर्णतः खरा नाही. कच्चा माल, बाजारपेठ, वीज, पाणी आणि कुशल कामगार यांच्या जोडीला त्यास आणखी एक गोष्ट हवी असते. ती म्हणजे निश्चितता. आज घेतलेला परवाना उद्या ग्राह्य राहील काय, पुढील वर्षी कर किती पडेल, या प्रश्नांची उत्तरे बहुधा स्थानिक संस्थेच्या सभागृहात ठरतात. राजकारण म्हणजे केवळ सत्तास्पर्धा नव्हे. परस्परविरोधी हितसंबंधांचा मेळ घालण्याची ती रीत आहे. ही रीत व्यवस्थित चालली तर उद्योग रुजतो, विस्कटली तर तो दुसरी वाट धरतो.

जकातीचे उदाहरण

शहरात येणाऱ्या मालावरील जकात हा दीर्घकाळ महानगरपालिकांचा मुख्य आधार होता. नाक्यावर खोळंबणाऱ्या मालमोटारी ही व्यापाऱ्यांची जुनी तक्रार. राज्यातील नगरपरिषदांच्या क्षेत्रात १९९९ मध्ये जकात रद्द झाली. नागपुरात मात्र ती २०१३ पर्यंत राहिली. त्यानंतर स्थानिक संस्था कर आला. हिशेबाच्या नव्या जाचामुळे राज्यभर व्यापाऱ्यांनी त्यास विरोध केला. १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटी रुपयांपेक्षा कमी उलाढाल असलेल्यांना त्यातून वगळण्यात आले आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला. म्हणजे अवघ्या सव्वाचार वर्षांत कराची रीत तीनदा पालटली.

या बदलांची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. व्यापाऱ्यांना दिलासा मिळाला, परंतु महानगरपालिकेच्या हातचे उत्पन्नाचे साधन गेले आणि ती राज्य शासनाच्या भरपाई अनुदानावर अवलंबून राहू लागली. रस्ते व गटारे यांची मागणी करणारा उद्योजक आणि करवाढ नको म्हणणारा नागरिक, या दोघांमध्ये लोकप्रतिनिधीस मार्ग काढावा लागतो, तो अशा वेळी.

दोन संस्था, एक शहर

नागपुरात महानगरपालिकेच्या जोडीला १९३६ च्या कायद्यान्वये स्थापन झालेला नागपूर सुधार प्रन्यास आहे. भूखंड, अभिन्यास व बांधकाम यांबाबत कोणत्या कार्यालयाचे दार ठोठवावे, हा संभ्रम येथे जुनाच. प्रन्यास बरखास्त करण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०१६ मध्ये तत्त्वतः मान्यता दिली. पुढे राज्यात सत्तांतर झाल्यावर धोरण पालटले आणि प्रन्यास कायम राहिला. एक संस्था असावी की दोन, यावर मतभेद असू शकतात. परंतु निर्णय अधांतरी राहिला की त्याची किंमत परवानगीची वाट पाहणाऱ्यास मोजावी लागते. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपल्यानंतर महानगरपालिकेचा कारभार दीर्घकाळ प्रशासकाकडे होता. या काळात गाऱ्हाणे मांडण्यास प्रभागात नगरसेवक नव्हता, ही बाबही विसरता येत नाही.

स्थानिक राजकारणाची मर्यादा

सर्वच दोष स्थानिक संस्थांच्या माथी मारणेही न्याय्य नाही. वनसंरक्षणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी व त्यानंतर दिलेल्या आदेशांमुळे देशभरातील आरागिरण्यांच्या परवान्यांवर कडक बंधने आली. लाकडाच्या धंद्याचे भवितव्य असे नगराबाहेरही ठरते. परंतु जो धंदा आहे त्यास जागा, रस्ता व अग्निसुरक्षेची सोय देणे, तसेच दाट वस्तीतील रहिवाशांची गैरसोय व कामगारांची रोजी यांचा तोल सांभाळणे, हे काम स्थानिकच आहे. आरागिरणी शहराबाहेर न्यावी असे म्हणणे सोपे. पण हातठेल्यावर पोट असलेल्या माणसाने रोज तितक्या लांब कसे जावे, याचेही उत्तर ठरावात असले पाहिजे.

बोध

लहान शहरांच्या व ग्रामपंचायतींच्या सदस्यांनी यातून काही गोष्टी घेण्याजोग्या आहेत. कराचे दर ठरविताना ते किती वर्षे कायम राहतील, हे आधीच जाहीर करावे. परवानगी कोण देणार व किती दिवसांत देणार, याचा फलक कार्यालयात लावावा. उद्योगासाठी राखलेल्या जागेचा वापर बदलण्यापूर्वी उद्योजक, कामगार व शेजारी या तिघांनाही ऐकून घ्यावे. आणि बहुमताने संमत झालेला ठराव पुढील निवडणुकीत केवळ तो दुसऱ्या पक्षाचा म्हणून फिरवू नये.

सवलत देणारी गावे अनेक सापडतील. दिलेला शब्द पाळणारे गाव उद्योजक शोधत असतो. तो शब्द पाळण्याची जबाबदारी सत्ताधारी व विरोधक या दोघांचीही आहे.