जुन्या सुमोचे आतले काम घरच्या घरी



गाळप हंगाम संपला की आमच्या वाहन विभागाच्या शेडकडे दोन प्रकारचे सभासद फिरकतात. एक ट्रॅक्टर-ट्रॉलीची कामे विचारायला येतात, दुसरे घरच्या जुन्या गाडीचे काय करावे हे विचारायला. या दुसऱ्यांत सुमोवाले फार. पुण्याच्या टेल्कोने ही गाडी १९९४ साली बाजारात आणली. कंपनीचे माजी अध्यक्ष सुमंत मुळगावकर यांच्या नाव-आडनावाची सुरुवातीची अक्षरे जुळवून तिचे नाव ठेवले. २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. म्हणजे आज जी सुमो दारात उभी आहे, ती चांगलीच वापरलेली असणार. इंजिन अजून दम धरून असते, पण आत बघवत नाही. रेक्झिन फाटलेले, छताचे कापड लोंबते, आणि पहिल्या पावसात कुबट वास सुटतो.

विचारणा मात्र बहुतेकांची एकच असते : "कव्हरं कुठली टाकू?" यावर आमचे उत्तर ठरलेले आहे. कव्हराचे नंतर बघू, आधी खालची मॅट उचला. आतले काम तळापासून वर करत यायचे असते. वरून खाली केले तर दोन वर्षांत कव्हर नवे राहते आणि त्याखालची सीट पत्र्यासकट हलायला लागते.

हे काम एप्रिल-मे महिन्यात धरावे. ऊन कडक असते, रंग आणि चिकटद्रव्य वाळते, शिवाय पावसाच्या आधी गळती सापडते. सुरुवातीलाच बॅटरीची ऋण तार सोडून ठेवा. मग सीटा काढा. बोल्ट गंजून बसले असतील तर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल सोडावे, पान्याला पाइप लावून हिसका मारू नये. बोल्ट तुटला तर अर्धा दिवस त्यातच जातो. कोणता बोल्ट कुठला हे पुठ्ठ्यावर गाडीचे चित्र काढून त्यात खोचून ठेवा. लक्षात राहील म्हणणाऱ्यांचे शेवटी तीन बोल्ट उरतात.

गाडी बरेच दिवस उसाच्या फडाजवळ किंवा गोठ्यात उभी असेल तर सीटच्या फोममध्ये उंदराचे घर हमखास निघते. तिथे कोरडा झाडू मारू नका. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. आधी जंतुनाशकाचे पाणी शिंपडा, थोडा वेळ थांबा, हातमोजे घालून फडक्याने उचला. आणि सीटखाली हात घालण्यापूर्वी काठी फिरवून घ्या. उंदीर असतो तिथे त्याच्या मागावर आणखी कोण येते, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

आता तळ. उसावरचा तांबेरा पानावर दिसतो, गाडीचा तांबेरा मॅटखाली लपतो. मॅटखालचा फेल्टचा थर ओला राहतो आणि पत्रा आतून खात जातो. आपल्या भागात याला आणखी एक कारण आहे, ते म्हणजे खताची पोती. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाचेच भावंड. अमोनियम सल्फेटही लोखंडाला तसेच वाईट. फाटक्या पोत्यातून मूठभर सांडले, हवेतला ओलावा धरला, की त्या जागी पत्रा पोखरायला सुरुवात होते. पोती वाहायचीच असतील तर खाली काठ वळवलेली जाड ताडपत्री टाकावी आणि काम झाल्यावर ती बाहेर काढावी.

पत्रा तपासायला जाड स्क्रू-ड्रायव्हर पुरे. गंजलेल्या जागी दाबून बघा. टोक आत जात नसेल तर गंज वरवरचा आहे. तारेच्या ब्रशने खरवडा, गंज मारणारे फॉस्फोरिक आम्लाचे द्रव लावा, नीट वाळवा, प्रायमरचे दोन हात आणि वर रंग द्या. टोक आरपार गेले तर मात्र तिथे पत्र्याचा तुकडा वेल्डिंग करूनच बसवायचा. भोकावर लांबी किंवा फायबर थापून वर रंग मारणे म्हणजे कुजलेल्या वाशावर शेणाचा लेप. भोकातून पावसाचे पाणी येते हे सगळ्यांना दिसते. त्याच भोकातून सायलेन्सरचा धूरही आत येतो, तो दिसत नाही आणि काचा बंद करून झोपलेल्या मुलांच्या छातीत जातो. मागच्या दाराचे रबर फाटले असेल तरी तेच होते. वेल्डिंग घरच्या ओट्यावर नको. ते कारागिराकडे करा, आणि डिझेलची टाकी व नळ्या कुठून गेल्या आहेत ते त्याला आधी दाखवा.

गळती शोधायची घरगुती रीत सांगतो. तळ कोरडा करून त्यावर चाळलेली राख पातळ भुरभुरावी. एकाने बाहेरून नळीने पुढच्या काचेच्या रबरावर, मग एकेका दारावर पाणी सोडावे, दुसऱ्याने आत बसून बघावे. राखेत ओघळ उमटला की त्याच्या मागे वर वर जायचे, उगम सापडतो. तळाला रबरी बुचे लावलेली भोके असतात, ती कायमची बुजवू नका. रस्त्याचे डांबर वितळवून तळाला ओतायची कल्पनाही सोडा. उन्हात ते मऊ पडते, वास मारते, आणि त्याखाली गंज सुखाने वाढतो.

सीटचे रूळ, बिजागऱ्या, साधे कंस असे गंजलेले छोटे भाग साफ करायला आपल्या कारखान्याचीच एक वस्तू उपयोगी पडते, ती म्हणजे मळी. एक भाग मळी आणि नऊ भाग पाणी प्लॅस्टिकच्या बादलीत कालवायचे, सुटे लोखंडी भाग त्यात बुडवून आठ ते पंधरा दिवस ठेवायचे. मळीतली द्रव्ये गंजातले लोह धरून सोडवतात, चांगल्या लोखंडाला फारसे खात नाहीत. फेस येतो, आंबूस वास सुटतो, म्हणून बादली घरापासून लांब आणि जनावरांच्या तोंडापासून दूर ठेवा. बाहेर काढल्याबरोबर धुवा, उन्हात वाळवा, लगेच तेल किंवा प्रायमर लावा. उघडे ठेवले तर संध्याकाळपर्यंत पुन्हा लाली धरते. ॲल्युमिनियमचे आणि जस्ताच्या मुलाम्याचे भाग त्यात टाकू नका, ते खराब होतात. सीटबेल्टचा कोणताही भाग त्यात जाता कामा नये. आणि हो, मळीवर राज्य उत्पादन शुल्क खात्याचे नियंत्रण असते. आमच्याकडे डबा घेऊन येऊ नये, परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यावी.

तळ झाला की सीटा. जुने कव्हर फाडू नका, उसवा. उसवण्यापूर्वी प्रत्येक तुकड्यावर खडूने नंबर आणि बाण टाका आणि जोडाच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर खुणा करा. तोच तुमचा नमुना. घरच्या शिलाई मशिनीवर पातळ कापड चालते, जाड रेक्झिनचे दोन-तीन पदर चालत नाहीत. तेवढे काम कुशनवाल्याकडून करून घ्यावे. कापलेले तुकडे खुणांसह त्याला दिले तर मजुरीही कमी पडते. रंग निवडताना घरातले जे म्हणतील ते करा, आमचे म्हणणे एवढेच की काळे रेक्झिन उन्हात तापते. पाठीला आणि बसायला जाड सुती कापड, कडेला रेक्झिन, हे आपल्या हवेला बरे.

कापड घेताना त्याची बोटभर पट्टी घेऊन मोकळ्या जागी पेटवून बघा. गाड्यांच्या आतल्या सामानासाठी भारतीय मानकात मर्यादा आहे. आडवी धरलेली पट्टी मिनिटाला १०० मिलिमीटरपेक्षा वेगाने जळता कामा नये. आपली चाचणी प्रयोगशाळेची नव्हे, पण काही स्वस्त कापडे भपकन पेट घेतात आणि वितळून थेंब गळतात. असले कापड आणायचेच नाही.

फोमच्या बाबतीत मात्र सभासदांनी वजनकाट्याची सवय वापरावी. दुकानदार '४० डेन्सिटी' म्हणतो, त्याचा अर्थ एक घनमीटर फोमचे वजन ४० किलो. मधल्या बाकासाठी १२० सेंटिमीटर लांब, ५० रुंद आणि १० जाड असा तुकडा घेतला असे धरा. १.२ गुणिले ०.५ गुणिले ०.१, म्हणजे ०.०६ घनमीटर. त्याला ४० ने गुणले की २ किलो ४०० ग्रॅम. तुकडा काट्यावर टाका. एक किलोच्या आसपास भरला तर तो १८ चा फोम आहे आणि एका हंगामात बसून चपटा होईल. उसाच्या काट्याबद्दल आपण सभेत तासभर बोलतो, मग फोम हाताने दाबून का घ्यायचा? वजनाबरोबर फोम नवाच आहे ना हेही बघा, कारण तुकडे दाबून केलेला फोम वजनाला जड भरतो पण कडक असतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. मागच्या भागात समोरासमोर तोंड करून असलेले आडवे बाक काढून तिथे पुढे तोंड असलेली सीट बसवावी असे पुष्कळांना वाटते. इच्छा चांगली आहे, कारण आडव्या बाकावर धक्का बसला तर माणूस सरळ शेजाऱ्यावर आणि पुढच्या सीटवर आदळतो. पण सीट बसवतात कशी, तर नुसत्या पत्र्याला भोक पाडून खाली वायसर टाकतात. हिशोब करा. ६० किलोचा माणूस, गाडीचा वेग ताशी ५० किलोमीटर, आणि धडकेत गाडी साधारण ६० सेंटिमीटरमध्ये थांबली, तर तो माणूस जवळजवळ एक टन जोराने पुढे ओढला जातो. एक टन म्हणजे काय हे मोळ्या भरणाऱ्यांना सांगायला नको. तीन माणसांचे तीन टन तो पत्रा धरणार आहे का? सीट आणि पट्टा कारखान्याने दिलेल्या मजबूत जागीच बांधला गेला पाहिजे. पट्ट्याचा बोल्ट सात-सोळांश इंची, बारीक आट्यांचा असतो. त्याच्या जागी हाताला लागेल तो बोल्ट पिळून बसवणे म्हणजे पट्टा न लावण्यासारखेच. पट्टा कातरलेला किंवा उन्हाने कडक झालेला असेल तर तो शिवायचा नाही, बदलायचा.

शिवाय कायदा आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातल्या मूळ माहितीशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही, आणि आसनसंख्या त्या पुस्तकात असते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी, व पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला जाते, तेव्हा गाडी तपासली जाते. अपघात झाल्यावर विमा कंपनीही हेच बघते. म्हणून आडवे बाक तसेच ठेवा, फोम-कापड नवे करा, आणि लांबच्या प्रवासात बायामुलांना पट्टे असलेल्या मधल्या बाकावर बसवा. मागे सामान ठेवा. पुढे तोंड असलेल्या मागच्या सीटवरही, पट्टा दिलेला असेल तर तो बांधणे सक्तीचे आहे. न बांधल्यास एक हजार रुपये दंड आहे, पण तो भाग गौण.

छताचे लोंबणारे कापड टाचण्या मारून थांबत नाही. त्याच्या मागचा पातळ फोम कुजून त्याची भुकटी झालेली असते. पुठ्ठा खाली काढा, भुकटी ब्रशने झाडा, तोंडाला फडके बांधा, आणि उष्णतेला टिकणाऱ्या चिकटद्रव्याने नवे फोम लावलेले कापड मधून कडेकडे दाबत बसवा. दारे उघडी ठेवा, जवळ विडी नको. डॅशबोर्ड साबणाच्या पाण्याने पुसायचा, पेट्रोलने नाही. त्याला चकचकीत रंगही नको, त्याचे प्रतिबिंब पुढच्या काचेत पडून डोळे दिपतात. काचांना काळी फिल्म लावायच्या भानगडीत पडू नका. पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आत आला पाहिजे असा नियम आहे.

मोबाइल चार्जिंगचे सॉकेट, मागे पंखा, टेप हे घालायला हरकत नाही, पण तार फ्यूजशिवाय नको. वॅटला १२ ने भागले की अँपिअर निघतात. १२० वॅटच्या सॉकेटला १० अँपिअर लागतात. त्याला २.५ चौरस मिलिमीटरची तार आणि १५ अँपिअरचा फ्यूज, तोही बॅटरीपासून वीतभर अंतरावर. फ्यूज सॉकेटजवळ लावला तर मधली सगळी तार उघडीच राहिली. तार जिथे पत्र्यातून आत येते तिथे रबरी बुशी घाला. सतत थरथरून पत्र्याची धार तार कापते आणि नव्या रेक्झिनखाली ठिणगी पडते.

सर्व बसवून झाल्यावर मॅट मात्र चिकटवू नका, नुसती अंथरा. पहिला जोराचा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी चारही कोपरे उचलून खाली हात फिरवा. ओले लागले तर पुन्हा राख घ्या आणि काचेच्या रबरापासून सुरू करा.